ओलं ऊन

मारोती गेल्याचा फोन आला तेव्हा मी वर्ध्याच्या घरी गच्चीवर कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरत होतो. मार्च संपायचा होता, पण ऊन मे महिन्यासारखं टोचत होतं. फोन गावाकडून पुतण्याचा होता. "काका, मारोतभाऊ गेले. रानातच. मोहाच्या झाडाखाली निजल्यासारखे पडून होते म्हणते. गाई सभोवताल उभ्या होत्या, घरी यायले तयारच नाई..." पुढे तो रडायला लागला. मी गच्चीवर तसाच उभा राहिलो, हाताला गवत चिकटलेलं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात सगळ्यात आधी आलं ते दुःख नव्हतं. मी मनात म्हणालो, बघा, मरतानाही यानेच बाजी मारली. मी रक्तदाबाच्या गोळ्या खातो, छातीत कळ आली की आता नागपूरला न्यावं लागणार म्हणून घाबरतो, आणि हा मोहाच्या सावलीत पाठ टेकून निघून गेला. वर गाईंनी पहारा दिला. असं मरण मला येणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि याच विचाराने माझा तो दिवस गेला. बायकोला वाटलं, मी धक्क्याने गप्प झालोय.

मारोती आमच्या गावचा गवळी. तळेगावहून डोंगराच्या बाजूला निघालं की दोन-तीन मैलांवर आमचं गाव लागतं. अर्धं गाव आम्हा शेतकऱ्यांचं, आणि नाल्यापलीकडे गवळ्यांची पाचपंचवीस घरं. पांढऱ्या, उंच, अंगाने हलक्या गवळाऊ गाई हेच त्यांचं शेत. मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो, म्हणजे जनावरांचा डॉक्टर नव्हे, पण डॉक्टरच्या हाताखाली सुया टोचणारा, पट्ट्या बांधणारा, कागद भरणारा माणूस. नोकरीची बरीचशी वर्षं माझ्याच भागात गेली. म्हणजे मी आणि मारोती एकाच कामात होतो असं म्हणता येईल. मला सरकार पगार देत होतं आणि लोक विश्वास त्याच्यावर ठेवत होते. हा लेख मी त्याच्या आठवणीसाठी लिहायला घेतला आहे, पण वाचणाऱ्यांनी आधीच समजून घ्यावं की लिहिणारा माणूस त्याच्यावर जन्मभर जळत होता.

जळणं सुरू कधी झालं तेही मला आठवतं. आम्ही दोघे चौथीपर्यंत एका बाकावर होतो. आमच्या घरी एक तांबडी गाय होती, मोठी तऱ्हेवाईक. ती मला जवळ येऊ द्यायची नाही. मी वैरण घेऊन गेलो तरी शिंग उगारायची. एकदा ती व्याली आणि वासराला थानाला लागू देईना. आई रडकुंडीला आली. बाबांनी मारोतीच्या वडिलांना बोलावलं, ते रानात होते, म्हणून मारोतीच आला. नऊ-दहा वर्षांचं पोर, चड्डीचं बटण तुटलेलं. तो गाईच्या अंगाला अंग लावून नुसता उभा राहिला. बोलला नाही, चुचकारलं नाही. थोड्या वेळाने गाईने त्याचं डोकं चाटलं, मग वासराचं. बाबा म्हणाले, "मध्या, पाय. शीक काही." मी त्या गाईला वर्षभर वैरण घातली होती... आणि तिने चाटलं कोणाला, तर मारोतीला. त्यानंतर मी त्या गाईशी कधी नीट वागलो नाही.

पुढे मी शिकलो, तो गाईंमागे गेला. मी वर्ध्याला राहून बारावी केली, पदविका घेतली, नोकरी लागली. सरकारी मोटारसायकल आली, लसीचा बर्फाचा डबा आला. पहिल्यांदा गावात कामाला आलो तेव्हा मला वाटलं, आता कळेल लोकांना. गवळ्यांच्या वस्तीत माझ्यासाठी लगेच प्लास्टिकची खुर्ची आली, चहा आला. मी एका गाईचा ताप बघितला, औषध लिहून दिलं, पथ्य सांगितलं. गाईची मालकीण सगळं ऐकून घेऊन मारोतीकडे वळली आणि माझ्यासमोर विचारलं, "काय करू भाऊ, देऊ का औषध?" मारोती म्हणाला, "दे वो. मधूनं सांगतलं ना." तेव्हा कुठे तिने दिलं. गाय बरी झाली. श्रेय मारोतीच्या पदरात पडलं.

विजेचं एक सांगायलाच हवं. रोहिणीत, मृगात आमच्याकडे वीज पडून जनावरं मरतात हे वर्तमानपत्रातही येतं. वीज कडाडायला लागली की गुरं आपोआप मोठ्या झाडाखाली गोळा होतात आणि राखणारा माणूसही तिथंच जातो. मारोती उलटं करायचा. ढगाच्या पोटाचा रंग बदलला की तो गाई झाडाखालून हाकलून उतारावर विखरून टाकायचा, एकीपासून दुसरी लांब, आणि स्वतः नाल्याच्या काठाशी उकिडवा बसायचा. भिजायच्या गाई, पण उभ्या राहायच्या. मी मात्र एका वर्षी माझ्या मोठ्या भावाला सांगून आलो होतो की शेतातली बैलजोडी पावसात उघड्यावर ठेवू नकोस, धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या लिंबाखाली बांधत जा. त्याने माझं ऐकलं. एका दुपारी वीज लिंबावर आली आणि दोन्ही बैल दावणीलाच गेले. भाऊ मला काही बोलला नाही. आई बोलली. बैलांना पुरल्यावर हात धुताना म्हणाली, "मारोतीले इचारलं असतं त..." वाक्य तिने पुरं केलं नाही. मला ते अजून ऐकू येतं. बैल गेल्याचं दुःख मोठं होतं, पण आईच्या तोंडी त्याचं नाव आलं ते मला जास्त लागलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

आणि त्याच्याकडे शब्द होते. माझ्याकडे कागदावरचे शब्द होते, उष्माघात, निर्जलीकरण, अवकाळी. त्याचे शब्द रानातले होते. आमच्याकडे नवतपा म्हणजे मे महिन्याच्या शेवटचे ते भाजून काढणारे नऊ दिवस. पूर्वी नवतप्यात आकाश कोरडं ठणठणीत असायचं. गेल्या वीसेक वर्षांत तसं राहिलं नाही, अधेमधे एखादी सर पडून जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच कडक ऊन. शहरात लोक म्हणतात, बरं झालं, जरा गारवा आला. मारोती अशा सरीला घाबरायचा. म्हणायचा, "कोरडं ऊन जनावर सहन करते मधू. ओलं ऊन नाई. कोरड्या उन्हात गाय घाम टाकते, धापते, सावली पायते. ओल्या उन्हात तिचा घाम अंगावरच राह्यते. बाहेरून दिसत नाई, अंदरून शिजून राह्यते ते." अशा दिवशी तो पहाटे, अंधार असतानाच गाई सोडायचा आणि नऊच्या आत त्यांना नाल्याच्या डोहाशी, अर्जुनाच्या झाडाच्या सावलीत आणून उभं करायचा. दिवसभर हलवायचा नाही. ऊन कलल्यावर पुन्हा चारायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी आम्हाला एका प्रशिक्षणाला बोलावलं. तिथे तज्ज्ञाने पडद्यावर एक तक्ता दाखवला, एका बाजूला तापमान, दुसऱ्या बाजूला हवेतली आर्द्रता, आणि दोन्ही वाढले की जनावराचं काय होतं ते लाल रंगात. सगळे वहीत उतरवून घेत होते. मी पेन खाली ठेवलं. एवढा मोठा तक्ता त्याने दोन शब्दांत मला नाल्याच्या काठी सांगितला होता. तेव्हा मी "हं" म्हणून विषय बदलला होता.

आता जे सांगायचं आहे ते मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

पावसाळ्याआधी गाईगुरांना घटसर्प आणि फऱ्याची लस टोचावी लागते. ही दोन्ही दुखणी पहिल्या पावसात येतात आणि एका दिवसात जनावर नेतात. आमच्या गावचे गवळी सुईला फार नाखूश असत. सुईने दूध आटतं, गाय गाभडते, म्हणजे गर्भ टाकते, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. शेवटी वस्तीने ठरवलं, मारोतीने आपल्या गाई टोचून घेतल्या तर बाकीचेही घेतील. म्हणजे पुन्हा मारोती. मी त्याला भेटून दिवस ठरवला. नवतपा सुरू होता. म्हणालो, "सकाळी सातला येतो. गाई रानात सोडू नको, कोठ्यातच ठेव." कोठा म्हणजे त्याचं काट्यांचं कुंपण घातलेलं आवार, वर छप्पर नाही. तो म्हणाला, "सातच्या वर नको करू. आभाळाचं काही सांगता येत नाई." मी म्हणालो, "तू सोडू नको म्हणजे झालं." तो म्हणाला, "तू येतवर सोडत नाई. शब्द आहे." गवळ्यांत या शब्दाला मोठं वजन असतं. पाहुणा येणार म्हणून गाई थांबवल्या, तर तो येईपर्यंत फाटक उघडायचं नाही. येणारा आला आणि गोठा रिकामा दिसला, तर तो येणाऱ्याचा अपमान समजतात.

आदल्या संध्याकाळी सर पडली. सकाळी मी तळेगावला आलो तेव्हा रस्त्यातून वाफ निघत होती. सहा-साडेसहाचा सुमार असेल. बसस्थानकासमोरच्या हॉटेलात मी चहाला बसलो. बर्फाचा डबा शेजारच्या खुर्चीवर ठेवला. पहिला चहा झाला. उठायचं होतं... मी दुसरा मागवला. हॉटेलवाला म्हणाला, आज गवळ्यायकडं जाऊन राह्यले का साहेब? मारोतभाऊनं हो म्हटलं म्हणते, आता सारेच टोचतीन. एवढंच तो बोलला. पण माझं टाळकं सटकलं. इतकी वर्षं मी या लोकांच्या दारात फिरलो, गुरांचं शेण अंगावर घेतलं, आणि लस यशस्वी होणार ती मारोतीने हो म्हटल्यामुळे. मी मनाशी म्हणालो, थांबू दे त्याला. सरकारी माणसाची वाट पाहणं काय असतं ते एकदा बघू दे. मी वर्तमानपत्र वाचलं. पोहे खाल्ले. ओळखीचा एक शिक्षक आला, त्याच्याशी बदल्यांवर बोललो. ऊन चढत होतं ते मला दिसत होतं. मला ओलं ऊनही माहीत होतं, त्यानेच शिकवलेलं. तरी मी बसून राहिलो. गावात पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते.

कोठ्यात गाई एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. माना खाली, जिभा बाहेर, तोंडाला फेस. कोपऱ्यातलं टाकं केव्हाच रिकामं झालं होतं. मारोती आणि त्याची बायको कौसल्यावहिनी नाल्यावरून घागरींनी पाणी आणून गाईंच्या अंगावर टाकत होते, पण खालून जमीन वाफ सोडत होती आणि त्याने उलट जास्तच होत होतं. कुंपणापलीकडे वस्तीतले गवळी उभे होते, सुई बघायला आलेले. माझ्यासाठी खुर्ची तयार होती. मारोतीने मला बघितलं आणि पुढची घागर गाईच्या पाठीवर ओतली. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस घाई करतो. तेव्हा गाई सावलीला न्यायच्या सोडून मी सुया भरल्या. आम्ही गाई धरल्या, दाबल्या, टोचल्या. त्या धडपडीत त्यांच्यात उरलं-सुरलं तेही गेलं. फाटक उघडल्यावर त्या नाल्याकडे निघाल्या आणि पहिली गाय अर्ध्या वाटेवर बसली. ती त्याची सगळ्यात पुढे चालणारी गाय, चांदणी. बसली ती उठली नाही. दुपार कलेपर्यंत पाच गेल्या.

वस्ती खवळली. सुईनं मारल्या, सुईनं मारल्या, एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं. तालुक्याहून डॉक्टरसाहेब आले, त्यांनी गाई उघडून पाहिल्या, उष्माघात म्हणाले. त्यांचं कोणी ऐकेना. मग साहेबांनी माझ्याकडे बघून सगळ्यांसमोर विचारलं, लस किती वाजता टोचली? सातची वेळ ठरली होती ना? मी बर्फाच्या डब्याचं झाकण लावत राहिलो. आणि चांदणीच्या डोक्याशी बसलेला मारोती उठला. म्हणाला, "साहेब, हे सातलेच आलते. मीच गाई लवकर आणल्या नाई, पहाटी सोडल्या होत्या. मंग ओल्या उन्हात कोंडल्या. सुईनं नाई गेल्या. माह्यामुळं गेल्या." कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होतं की गाई पहाटेपासून कोठ्यातच होत्या. मी अकरानंतर आलो हेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण मारोती बोलला म्हणून एकानेही तोंड उघडलं नाही. दोन दिवसांनी, सूर्य उगवायच्या आत, वस्तीतल्या उरलेल्या सगळ्या गाईंना मी लस टोचली. त्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांत घटसर्पाने जनावरं मेली, आमच्या वस्तीत एकही नाही. नोकरी वाचली. माझ्या गोपनीय अहवालात चांगला शेरा आला.

त्याचे उपकार मानायला हवे होते ना? मी त्याचा द्वेष केला. माझ्या चुकीतूनही तो मोठा होऊन बाहेर पडला. त्याच्या गाई मेल्या, तरी वस्तीत त्याचा मान वाढला, आणि मी खुर्चीवर बसलो तरी मान खाली घालून बसू लागलो. अकरा वर्षं. भेटला की तो तोंडातली गवताची काडी काढून नेहमीसारखाच विचारायचा, "कसा आहे मधू? पोरं बरी आहेत?" मी हो हो म्हणायचो आणि त्याच्या चपलांकडे बघायचो. त्या दिवसाबद्दल तो कधी अवाक्षर बोलला नाही. मला वाटायचं, एकदा तरी बोल, एकदा तरी शिवी घाल... म्हणजे मला उत्तर देता येईल. निवृत्त झालो तेव्हा दवाखान्यात निरोपाचा कार्यक्रम झाला, शाल, नारळ, आणि समोर मोजकी माणसं, त्यात दोघं चुकून आलेले. मारोती आला होता. मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्या टाळ्यांचाही मला राग आला होता.

त्याच्या तेरवीला मात्र रस्ता भरला होता. कारंज्याकडून, आर्वीकडून गवळी आले होते. मी एका कोपऱ्यात जेवलो आणि निघून आलो. तीन आठवड्यांनी पुन्हा गेलो, का ते सांगता येत नाही. कदाचित कौसल्यावहिनींजवळ बोलून टाकावं असं मनात असेल. त्यांच्यासमोर बसलो आणि सुरुवातही केली. "वहिनी, त्या दिवशी मले उशीर झाला ना, गाई गेल्या तवा... तो उशीर झाला नव्हता. मी तळेगावले हॉटेलात बसलो होतो."

त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, "माहीत आहे भाऊजी."

"कोणं सांगतलं?"

"त्यायनंच. तुम्ही येऊन नाई राह्यले म्हणून आठ वाजता सायकल घेऊन तळेगावले गेलते ते. तुमाले पाह्यलं त्यायनं हॉटेलात. पेपर वाचत होते म्हणे तुम्ही."

मला वाटलं, मी ऐकण्यात चुकलो. तो तिथे येऊन गेला होता? रस्त्याच्या पलीकडून मला बघून? "मंग मले आवाज काऊन नाई देल्ला?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे न बघता बोलू लागल्या. "मी पण तेच इचारलं होतं. त म्हणे, बसला आहे त बसू दे. सारे गवळी उभे आहेत कोठ्यापाशी. पायतीन तरी सारे, साहेब कवा येते ते. तुमच्यावर लई जळे ते भाऊजी. तुमाले नाई माहीत. तुम्ही आले का सारे खुर्ची आणत. यायले जन्मात कोणी खुर्ची नाई देल्ली. म्हणे, एका बाकावर बसत होतो आम्ही, त्याले शाळा भेटली, मले नाई भेटली. तुमची मोटारसायकल वाजली का उठून उभे राहत, पाह्यलं असन तुम्ही. मले वाटे मान देऊन राह्यले. त मान नव्हता तो... बसवत नव्हतं त्यायले."

त्या पुढे म्हणाल्या, "सायकलीनं वापस आले तवा नऊ नाई वाजले होते. मी म्हटलं, सोडा गाई, मरतीन. त म्हणे, शब्द देल्ला. शब्द कायचा भाऊजी, तुमाले उशिरा आलेलं साऱ्यायले दाखवाचं होतं. चांदणी बसली तवा मंग डोक्याले हात लावला. त्या राती मले सांगतलं, आम्ही दोघायनं मिळून मारल्या. पण मधूले सांगजो नको म्हणे. तो मले पाहून खाली पायते ना, ते बरं वाटते मले. मी मेल्यावर सांगजो."

पहिल्यांदा मला हसू आलं. खरंच आलं. मग इतका राग आला की कान तापले. अकरा वर्षं हा माणूस माझी खाली घातलेली मान बघत होता आणि त्याला बरं वाटत होतं! साहेबांसमोर त्याने सगळं आपल्या अंगावर घेतलं ते मोठेपण समजून मी जळत राहिलो, आणि तो फक्त आपला वाटा उचलत होता. अर्धाच वाटा. उरलेला अर्धा त्याने माझ्याकडे न मागता ठेवला आणि व्याज म्हणून माझी मान घेतली. आणि मग, वहिनींनी पुढे केलेलं पाणी पिताना, मला अगदी वेगळंच काहीतरी जाणवलं. माझ्या खुर्चीवर कोणीतरी जळत होतं. मारोती जळत होता. ज्याच्यासारखं व्हावं म्हणून मी आयुष्यभर तडफडलो, तो रोज त्या प्लास्टिकच्या खुर्चीकडे बघून तडफडत होता. हे त्याने एकदा, एकदाच सांगितलं असतं तर... आम्ही त्या नाल्याच्या काठी किती भांडलो असतो. किती छान भांडलो असतो. हे मला आता कळतंय आणि भांडायला तो नाही. वहिनींसमोर रडायला लाज वाटली म्हणून मी उठून बाहेर आलो.

ऊन कलत होतं. आता त्याची मुलगी आणि जावई गाई सांभाळतात. कोठा तोच आहे, काट्यांचं कुंपण नवं घातलंय, पण तोंडाशी फाटक नाही. दोन खांब उभे आहेत, मधे मोकळं. मी जावयाला विचारलं. तो म्हणाला, "ते काढलं मामंजीनं. लई साल झाले. चांदणी गेली त्याच हप्त्यात काढलं. आमाले लावू देल्लं नाई. म्हणत, गाईले जवा जा वाटन तवा जाऊ द्या, कोणाची वाट पाह्याची नाई." तो बोलत असतानाच, सावली कुंपणाच्या बाहेर पडली तशा बसलेल्या गाई एकेक करून उठल्या आणि खांबांमधून बाहेर पडल्या. कोणी हाकलं नव्हतं. माझ्या अगदी अंगाजवळून गेल्या. एकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्या दोन खांबांच्या मधे उभा राहिलो. जावई लांब गेल्यावर मोठ्याने म्हणालो, "मारोती, एक आवाज द्यायले काय झालं होतं बे तुले? रस्त्याच्या पलीकडे त होतो मी."

तो असता तर काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. त्याने तोंडातली काडी काढली असती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, सरळ माझ्या डोळ्यांत बघून विचारलं असतं, "आन तुले उठाले काय झालं होतं?"